पिशवीत न आलेली पुडी

१० नोव्हेंबर

आज एक सिस्टर आली आणि तिने माझ्यादेखत गुप्ते काकांचा फ्रीज उघडला. विचारलं नाही, काही नाही. कालच्या आमटीच्या भांड्यावरची ताटली काढून वास घेतला. मग बाथरूममध्ये गेली आणि ओल्या फरशीवर पाय घासून बघितला. मी म्हटलं, घर विकत घ्यायचंय का. तर हसली. म्हणाली, "घसरतंय का बघते, दादा."

राजसी सिस्टर नाव. जांभूळ गावची आहे, स्कूटीवर येते. सहा वर्षं वॉर्डात नर्स होती, आता उल्हासनगरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये पुढचा कोर्स करते. नर्सच्या वरचं आणि डॉक्टरच्या खालचं असं काहीतरी, नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. मोठी माणसं, म्हातारी माणसं तपासायची, दुखणं वाढायच्या आधी पकडायचं. त्या कोर्ससाठी तिला दहा म्हातारे वाटून दिलेत. त्यातला एक आमचा. बीपीसाठी काकांना तिथे नेलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं, आमची विद्यार्थिनी घरी येऊन बघेल, चालेल का. काकांचा मुलगा यज्ञेशदादा बंगलोरला असतो, त्याने फोनवरच हो म्हटलं. फुकट आहे ना. पण घरात चोवीस तास कोण असतं? करण. मला, करणला, कोणी विचारलं?

काकांना तिने खुर्चीवर बसवलं. हात न टेकता उठा, दारापर्यंत चाला, वळून परत येऊन बसा. हातात घड्याळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेत पळायच्या शर्यतीला उभा केल्यासारखा. एकतीस सेकंद लागले. तिने लिहिले.

"काका, आज वार कोणता?"

"गुरुवार. सेकंड शिफ्ट आहे माझी."

सोमवार होता. काका अंबरनाथच्या केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते, रिटायर होऊन वीस वर्षं झाली.

"आणि हे कोण?" माझ्याकडे बोट.

"भोईर. माझा ऑपरेटर. कामाला बरा आहे, पण तोंडाळ."

मी हसलो. ती नाही हसली.

ही डायरी काकांच्या कंपनीचीच. २००९ची, कोरी. कपाटात अशा सतरा पडल्यात. वार एकाने चुकतो, मी खोडतो. ज्या ब्युरोने मला इथे काकांना सांभाळायला पाठवलंय, त्याने वेगळी वही दिली आहे. तिच्यात किती खाल्लं, किती वेळा लघवी, संडास झाली का एवढंच लिहायचं आणि रोज संध्याकाळी पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर तिघंच: यज्ञेशदादा, ब्युरोच्या माया मॅडम आणि मी. त्या वहीत माझ्या डोक्यात काय चाललंय त्याला रकाना नाही, म्हणून हे इथे.

संध्याकाळी काकांना सर्दीची गोळी दिली. जेवणापर्यंत शांत.


१३ नोव्हेंबर

आज तिचा पिशवीचा खेळ. मला म्हणाली, "दादा, मोठी पिशवी घ्या आणि काकांचं जे काय औषध घरात आहे ते सगळं तिच्यात टाका. तोंडातून जाणारं, अंगाला लागणारं, डोळ्यात घालायचं, शेजारणीने दिलेलं चूर्ण, सगळं."

भरली पिशवी. डायनिंग टेबलावर ओतली तर तेवीस नग. तिने पत्ते लावल्यासारखी पाकिटं लावली आणि दोन उचलून माझ्यासमोर धरली. एक पांढऱ्या गोळीचं, एक पिवळ्या. मी दोन्ही रोज सकाळी देतो, यज्ञेशदादाने पाठवलेल्या यादीत आहेत तशी.

"वाचा मागचं."

मी किनवटकडच्या आमच्या गावात आठवीपर्यंत शाळेत होतो, तेही बसायला जागा मिळाली तर. इंग्रजी बारीक अक्षर मला वाचता येत नाही हे तिला दिसत नव्हतं का? मी म्हटलं, चष्मा नाही. तिने मग स्वतःच बोट ठेवून वाचलं. दोन्हीकडे एकच शब्द. दोन कंपन्या, दोन नावं, औषध एकच. एक काकांच्या कंपनीच्या पॅनलवरच्या डॉक्टरने दिलेलं, एक बदलापूरच्या हार्टवाल्याने. दोघांनी एकमेकांचा कागद बघितला नाही. म्हातारा डबल डोस खातोय आणि सकाळी उठला की चक्कर येऊन भिंत धरतोय.

रक्त तापलं माझं. आनंदनगरला रंगाच्या कंपनीत होतो तेव्हा एका बॅचमध्ये दोनदा कॉस्टिक पडलं तर सुपरवायझरने माझी आई काढली होती. इथे डॉक्टरची आई कोण काढणार?

मी म्हटलं, मग काढा ना एक. लगेच काढा.

"मला ओळखता येतं, दादा. थांबवायची सही सरांची लागते. मी शिकाऊ आहे."

"चुकीचं आहे ना पण?"

"आहे."

"मग उद्या सकाळी मी काय देऊ?"

तिने तोंड फिरवून फोन लावला. सर मीटिंगमध्ये. परत लावला. सर ओटीमध्ये. अर्धा तास जिन्यात उभी होती. असलं कसलं शिक्षण? डोळे दिले आणि हात बांधले.

जाताना परत विचारलं, "आणखी काही नाही ना? दुकानातून आणलेलं वगैरे?"

नाही म्हटलं. पुडी माझ्या शर्टाच्या खिशात होती. पण ते काय औषध आहे का? सर्दीची गोळी. नाक्यावरचा मेडिकलवाला नावसुद्धा विचारत नाही, कात्रीने कापून कागदात बांधून देतो. आमच्या गावाला किराण्याच्या दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी असते. आणि ब्युरोचा नियम आहे, माणसाने आपल्या मनाने काही द्यायचं नाही. आता नाक गळतंय तर मी काय माया मॅडमना फोन करून परवानगी मागू?


१७ नोव्हेंबर

दोन दिवसांनी, परवा, सही आली. पिवळी गोळी बंद. काका आज भिंत न धरता संडासला गेले. सिस्टरने परत चालवलं, चोवीस सेकंद. ती खुश. मीही, खोटं का बोलू.

डोकं मात्र तसंच. दुपारी मला म्हणाले, भोईर, तीन नंबरचा व्हॉल्व्ह बघून ये. मी दारापर्यंत जाऊन आलो, बंद आहे म्हटलं. नाही गेलं तर ओरडतात. पाणी पाणी करतात सारखं, जीभ टाळूला चिकटते म्हणतात. संडास तीन दिवसांनी. मी इसबगोल दिलं. लघवीला बसले की वीस मिनिटं. मी बाहेर उभा. म्हातारपण वाईट.

संध्याकाळी यज्ञेशदादाचा फोन. वांगणीच्या पुढे एक म्हाताऱ्यांचं होम आहे, चांगलं आहे, बाग आहे. एक जानेवारीपासून बाबांची जागा बुक केली. २७ डिसेंबरला येतोय न्यायला. फ्लॅट बंद करणार. "बाबांना आता कळतच नाही ते कुठे आहेत, करण. त्यांना काय फरक पडणार?"

काका शेजारीच बसले होते. समोर नवीन टॉवरचं काम चालू आहे, क्रेनकडे बघत होते. हे बेलवलीचं घर त्यांनी कंपनीत असताना घेतलं, बायको इथेच गेली. फरक पडणार नाही म्हणे.


२१ नोव्हेंबर

आज झालं भांडण.

होमची गोष्ट मी सिस्टरला सांगितली. सांगायला नको होती. ती पेन ठेवून बसली. म्हणाली, वेड असं एका महिन्यात येत नाही. विसरायला होणं हळूहळू येतं, वर्षं लागतात. अचानक आलं तर त्याला कारण असतं आणि कारण सापडलं तर जातं पण. "मला शोधू द्या. तोपर्यंत यांना कुठे हलवायचं नाही."

मग माझी उलटतपासणी. काका असे कधीपासून बोलायला लागले? दसऱ्याला कसे होते? मी म्हटलं, दसऱ्याला मी नव्हतो, शेजारच्या भागीरथीताईंना विचारा. तिने खरंच हाक मारली. भागीरथीताई दारात उभं राहून म्हणाल्या, दसऱ्याला मधूभाऊंनी, म्हणजे काकांनी, आपट्याची पानं स्वतः आणून वाटली, बँकेत एकटे जाऊन आले. दिवाळीत मात्र मला ओळखलं नाही.

"दादा, तुम्ही इथे कधी आलात?"

"सोळा ऑक्टोबर."

तिने लिहिलं. आणि खाली रेघ मारली. मी बघितली ती रेघ.

म्हणजे काय? मी आलो आणि म्हातारा वेडा झाला? मी मारतो का? उपाशी ठेवतो? मी त्यांचं ढुंगण धुतो, हे हिला माहीत आहे का? आल्या आल्या पहिल्या तीन दिवसांत त्यांना फटाक्यांच्या धुराने सर्दी झाली तर रात्र रात्र जागलो मी. तेव्हा कोणी आलं नाही घड्याळ घेऊन. उल्हासनगरला जीन्स धुवायच्या कारखान्यात होतो, तिथेही काही हरवलं की पहिलं मला विचारायचे. कुठल्याच कामावर मी सहा महिने टिकलो नाही याचं कारण हेच आहे. पोट भरायला आलेल्या माणसाच्या नावाखाली रेघ मारायला लोकांना फार आवडतं.

मी म्हटलं, सिस्टर, उद्यापासून येऊ नका.

"तुमच्यावर आळ नाही घेत मी. तारखा जुळवते."

"कुठेतरी लांब जाऊन जुळवा."

गेली. काका म्हणाले, कोण होती रे? चांगली पोरगी होती.


२२ नोव्हेंबर

माया मॅडमना आवाज रेकॉर्ड करून पाठवला, चार मिनिटांचा. सिस्टर कपाटं उघडते, बाथरूममध्ये जाते, पेशंटला पळवते, ब्युरोच्या माणसावर संशय घेते. सगळं खरंच आहे.

माया मॅडमनी दहा मिनिटांत फोन केला. ब्युरोच्या नावाला धक्का नको होता त्यांना. ट्रेनिंग सेंटरला कळवते म्हणाल्या. वर म्हणाल्या, हे पेशंट होमला गेले की तुझ्यासाठी अंबरनाथला एक आजी बघून ठेवल्यात. फक्त दिवसाची ड्युटी, आजी झोपूनच असतात. "तू चांगला आहेस करण, तुझ्याकडचे पेशंट शांत राहतात."

बरं वाटलं ऐकून.


२६ नोव्हेंबर

सेंटरच्या हिमानी मॅडमचा फोन आला. सिंधी बाई, आवाज गोड. "बेटा, आम्ही त्या घरची व्हिजिट बंद केली आहे. राजसीला दुसरा पेशंट देणार. आम्हाला माफ कर हां."

मोठी मॅडम मला माफ कर म्हणते. मी विचारलं, तिचं काय होणार?

"केस अधुरी राहिली तर मार्क जातात. आणि शिस्तीचं पत्र लागेल. तुझी तक्रार लेखी आहे ना."

मी लेखी केली नव्हती. माया मॅडमनी केली असणार.

यज्ञेशदादाने ग्रुपवर लिहिलं, शिकाऊ लोकांना घरात घेतलं हीच चूक. मी अंगठा टाकला.


४ डिसेंबर

आज कसला दिवस गेला कळत नाही, जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

समोरच्या टॉवरची धूळ नाकात गेली, सकाळपासून मला शिंका. साडेनऊला काकांना गोळी दिली, त्याच पुडीतली एक मीही घेतली. दूध गॅसवर ठेवलं आणि जरा टेकलो.

भागीरथीताई दार बडवत होत्या. पातेलं काळं, घरभर धूर. बारा वाजले होते. काका गॅलरीत उभे, पायजमा ओला, कठड्याला घट्ट धरून. कधीपासून उभे होते देव जाणे. मी उठलो तर पाय माझे नव्हते. भागीरथीताई काय बोलत होत्या ते लांबून येत होतं. किती नंबरचा फ्लॅट विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो. जीभ चामड्यासारखी. संडासात उभा राहिलो, लघवी सुरूच होईना.

मी चोवीस वर्षांचा आहे. पोतं उचलतो. एक गोळी.

काका दिवसाला दोन घेतात.


५ डिसेंबर

आज गोळी दिली नाही. पुडी संपली होती. आणायला गेलो नाही, कंटाळा आला.


७ डिसेंबर

काल आणि आज काका फार चिडचिडे. सतरा वेळा उठले, सतरा वेळा मी मागे. पाठ मोडली. मोबाईल हातात घ्यायला मिळाला नाही. दुपारी वाटलं, नाक्यावर जाऊन यावं. चप्पल घातली, काढली.

आल्याचा चहा दोनदा दिला. संडास झाली साफ.


९ डिसेंबर

सकाळी चहा दिला तर काकांनी कप घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

"तू कोण?"

"करण, काका."

"भोईर कुठे गेला?"

"भोईर नाही काका इथे. तुम्ही रिटायर झालात."

"ते मला माहीत आहे. भोईर वारला, मी त्याच्या तेराव्याला जाऊन आलो. मी विचारतोय तू कोण. या घरात कधीपासून आहेस?"

मी तारीख सांगितली. त्यांनी बोटं मोजली. बरोबर मोजली. म्हणाले, म्हणजे माझे जवळजवळ दोन महिने गेले. कुठे गेले?

मी म्हटलं, आल्याच्या चहाने बरं वाटत असेल.

"मूर्खासारखं बोलू नकोस," म्हणाले. पण चहा प्यायले.


१२ डिसेंबर

आज काकांनी स्वतः यज्ञेशदादाला फोन लावला. नंबर पाठ. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो, फोन स्पीकरवर होता.

"यज्ञेश, आज बारा डिसेंबर, शुक्रवार. मी घरी आहे. मी बरा आहे. मला कुठेही जायचं नाही."

"हो बाबा."

"हो बाबा काय? ते बुकिंग रद्द कर."

"हो बाबा, करू हं. जेवलात का?"

"तू माझं ऐकतोयस का?"

"ऐकतोय ना बाबा. करणला द्या बरं फोन." आणि मला म्हणाला, "आज जरा एक्साइट झालेत का? होमच्या डॉक्टरला सांगून ठेवतो. असं मधेच चांगलं बोलतात, ते म्हणालेत मला."

मला फोन भिंतीवर मारावासा वाटला. माणूस तारीख सांगतोय, वार सांगतोय, आणखी काय सांगू म्हणजे तुम्ही बाप मानाल? एकदा वेडा ठरवला की शहाणं बोललेलंसुद्धा वेडातच धरतात.

फोन ठेवला तर काका खुर्चीत सरळ बसले होते. शिफ्ट इन्चार्ज कसा दिसत असेल ते आज बघितलं.

"आता मला सांग. चार तारखेला घरात धूर झाला, तू पडून होतास, हे भागीरथीताईंनी सांगितलं. चार तारखेपर्यंत मला काय होत होतं आणि पाच तारखेपासून काय थांबलं?"

"मला काय माहीत, काका."

"ती वही इकडे आण." ब्युरोची वही. त्यांनी भिंग लावून पानन् पान वाचलं. लघवी, संडास, लघवी, संडास. "यात चार आणि पाचमध्ये काहीच फरक नाही. म्हणजे फरक वहीत नाही. वहीबाहेर आहे. प्लँटमध्ये असंच असतं. लॉगमध्ये नसतं तेच उडतं."

मी वही उचलून जागेवर ठेवली.

"सांगायचं नसेल तर नको सांगू. पण सत्तावीसला मला नेतील आणि मी आरडाओरडा केला की सुई टोचतील. माझ्या बोलण्याला आता वजन नाही. त्या नर्स पोरीचं तुम्ही काढून घेतलंत, भागीरथीताईंनी सांगितलं मला. उरलास तू."

उलट बोलायचं खूप होतं मनात. मी काय डॉक्टर आहे? यादी कोणी दिली, डबल गोळ्या कोणी लिहिल्या, दुकानदार न विचारता कापून का देतो, मुलगा बंगलोरला का. सगळ्यांनी केलं आणि उरलो मी. बरोबर आहे. नेहमी मीच उरतो.

भाजी चिरली.


१४ डिसेंबर

अंबरनाथच्या आजी. दिवसाची ड्युटी. गप्प राहिलो असतो तर एक तारखेपासून तिथे.

संध्याकाळी सहाला वही घेऊन बसलो. खाल्लं, लघवी, संडास, सगळे रकाने भरले. मग खाली रिकामी जागा होती तिथे लिहिलं. तीनदा लिहिलं, दोन पानं फाडली. शेवटी असं राहिलं:

"सर्दीची गोळी. नाक्यावरच्या मेडिकलमधून. सकाळी १, संध्याकाळी १. १७ ऑक्टोबर ते ४ डिसेंबर. कोणी सांगितली: कोणी नाही. मी दिली. ४ तारखेला मी स्वतः एक घेतली तर मला काकांसारखं झालं. ५ पासून बंद केली. आता काका बरे आहेत. सिस्टरने दोनदा विचारलं होतं, मी नाही म्हटलं. करण."

काकांना दाखवलं. त्यांनी भिंगातून वाचलं. शुद्धलेखन काढतील वाटलं, नाही काढलं. "वेळ टाक," एवढंच म्हणाले. मी टाकली.

फोटो काढला, ग्रुपवर टाकला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग "माया टाइप करत आहेत" असं दिसत राहिलं, थांबायचं, परत दिसायचं.


१५ डिसेंबर

काल रात्रीपर्यंत यज्ञेशदादाने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. पोलिसात देतो म्हणाला. मी ऐकलं. शेवटी रडला. म्हणाला, म्हणजे बाबा परवा फोनवर खरंच मला सांगत होते?

मी म्हटलं, हो.

आज सकाळी तो फोटो त्याने सेंटरला पाठवला. दुपारी राजसी सिस्टर आली, सोबत त्यांचे ते सही करणारे सर. आज मीटिंग नव्हती त्यांना. काकांना तपासलं, रक्त घेतलं, प्रश्न विचारले. काकांनी शंभरातून सात सात वजा करत खालपर्यंत नेलं आणि म्हणाले, आता तुम्ही करून दाखवा. सर हसले. होमचं बुकिंग रद्द.

सिस्टर माझ्याशी बोलली नाही. खिशातली पुडी मागितली, कोरा कागदच होता, तोच नेला.

माया मॅडमनी ब्युरोंच्या सगळ्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. खाली लिहिलं, या माणसाला ठेवू नये. आधार कार्डावरचा फोटो, त्यात मी चोरासारखा दिसतो. मेडिकलवाल्याचा फोटो कोणी टाकला नाही. त्या दोन डॉक्टरांचाही नाही.

बॅग भरली. काकांना म्हटलं, तुम्ही माया मॅडमना एक शब्द बोलला असता तर.

"नाही बोलणार. तू स्वतःहून लिहिलंस म्हणून पोलीस नको असं मी यज्ञेशला सांगितलं. पण मला सांभाळायला मी तुला ठेवणार नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

घर वाचवलं कोणी? मग मला काढलं कोणी? आनंदनगरच्या मित्राच्या खोलीत बसून हे लिहितोय.


२३ डिसेंबर

हिमानी मॅडमनी बोलावलं होतं उल्हासनगरला. राजसी सिस्टरची केस आज मांडायची होती, शिस्तीचं पत्र मागे घेतलंय. मला म्हणाल्या, तू ये, बेटा, आम्हाला तुझ्याकडून शिकायचं आहे. मी जाणार नव्हतो. गोदामात सध्या रोज काम मिळतं, आज खाडा केला. का केला माहीत नाही.

बारा सिस्टर बसल्या होत्या, वह्या उघडून. पुढे काका, खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट. चालून दाखवलं, तेरा सेकंद. टाळ्या. राजसी सिस्टरने सगळं सांगितलं, तिचं चुकलेलं पण: मी तारीख विचारली, पण दादांना बाजूला बसवून बोलले नाही. सगळ्यांदेखत विचारलं.

मग हिमानी मॅडमनी मला उभं केलं. "हे बघा, राजसीने 'सगळी औषधं आणा' म्हटलं, 'दुकानातलं काही आहे का' पण म्हटलं. तरी पुडी खिशातच राहिली. करण, तू सांग. कोणता प्रश्न विचारला असता तर तू ती पुडी बाहेर काढली असतीस?"

बारा पेनं तयार.

मी बोललो. जे साठलं होतं ते सगळं. तुम्ही फ्रीज उघडता, कपाट उघडता, माणूस बाजूला उभा असतो त्याच्याकडे बघत नाही. बारीक अक्षर वाचा म्हणता. तो पेशंटसोबत चोवीस तास असतो, त्याला वर्गात कोण शिकवतं? तुमच्यासाठी वर्षाचा कोर्स, त्याच्यासाठी एक वही, तिच्यात लघवी किती वेळा. मग चूक झाली की फोटो. कुठलाच प्रश्न नाही, मॅडम. मला कोणी आपलं धरलं असतं तर मी न विचारता सांगितलं असतं.

एक सिस्टर डोळे पुसत होती. मला वाटलं, जिंकलो.

काका खुर्चीतून म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे. आता त्याला विचारा, सर्दी किती दिवस होती."

हिमानी मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"तीन दिवस," मी म्हटलं.

"आणि गोळी?" काका.

"एकोणपन्नास."

"मग उरलेले शेहेचाळीस दिवस कशासाठी?"

मला वाटलं होतं हे कोणाला दिसणार नाही. मलाच दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल. मी काकांकडेच बघून सांगितलं, बाकीच्यांकडे नाही.

"तुम्ही गोळी घेतली की गप्प बसायचा. मग मला जरा टेकता यायचं. मोबाईल बघता यायचा."

काकांनी मान हलवली, शिफ्ट संपल्यावर हलवतात तशी. मग वर्गाकडे वळले. "लिहा हे," म्हणाले.

कोणी लिहिना. मग राजसी सिस्टरने सुरुवात केली.